केंद्राचा दगड, राज्याचा खड्डा

आमच्या गावात तीन सरकारं राहतात, हे मला बारावीनंतर कळलं. त्याआधी मला वाटायचं सरकार एकच असतं आणि ते मुंबईला असतं. पण ग्रामपंचायतीच्या खोलीत इंटरनेटची जी पेटी आहे ती केंद्राची. तिच्यातून उघडते ती वेबसाइट राज्याची. पेटी ज्या भिंतीला टांगली आहे ती भिंत, भिंतीवरची पाल आणि विजेचं बिल ग्रामपंचायतीचं. तिघांनी मिळून आम्हाला डिजिटल केलं होतं. बाहेरच्या भिंतीवर तसं रंगवलेलंही होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

मला त्या पेटीकडून एकच गोष्ट हवी होती, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला. गोंदियाच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं होतं. शनिवारपर्यंत दाखला दाखवला तर जागा माझी, नाहीतर माझ्या खालच्या मुलीची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मुदत वाढवून मिळते का, हे कोणाला विचारायचं असतं तेही आम्हाला माहीत नव्हतं.

अर्ज मी वेळेवर केला होता. तो तहसीलमधून परत आला. बाबांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा जोडा. पंचायतीतलं सेवा केंद्र चालवणाऱ्या दादाने नवा फोटो काढला, संगणक सुरू केला, आणि पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला. गावाचा टॉवरही त्याच केबलवर चालतो, त्यामुळे फोनही गेले.

"केबल तुटली असन," दादा म्हणाला.

"कोठं?"

"ते केंद्रालेच माहीत."

मी बसने तालुक्याला गेले. फोनला रेंज आल्यावर केबलवाल्यांच्या नंबरवर तक्रार नोंदवली. पलीकडच्या आवाजाने माझे आभार मानले. मग तहसीलमधल्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, "जिथून अर्ज केला, त्याच केंद्रातून दुरुस्ती होते."

"तिथे नेट नाही, सर."

"मग नेट आल्यावर करा."

त्यांनी हे इतक्या समजुतीने सांगितलं की मी थँक्यू म्हणून बाहेर आले. रस्त्याच्या खात्यातही गेले, कारण केबल रस्त्याच्या कडेने जाते. तिथल्या बाईंनी विचारलं, "रस्ता तुटला आहे का?" मी नाही म्हटलं. "मग आमच्याकडे कशाला आलीस?" खरंच होतं. न तुटलेला रस्ता घेऊन मी एवढ्या लांब आले याची मला लाज वाटली.

गुरुवारी गोंदियाहून केबलचा माणूस मोटारसायकलवर आला. तक्रार ऐकून कोणीतरी प्रत्यक्ष येतं, हे पाहून गावातले लोक त्याच्याभोवती जमले. मी आणि बाबाही गेलो. त्याची पद्धत साधी होती. केबल जिथून जाते तिथे वर खुणेचे दगड रोवलेले असतात. दगड शोधायचा, खाली खणायचं. आमच्या शेताजवळ, रस्त्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली त्याला दगड सापडला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, वर जास्वंदीचं फूल होतं. केबलवाल्याने चपला काढल्या, नमस्कार केला, दगडाच्या बाजूने खणलं. खाली मुंग्या निघाल्या.

"चाचा," तो बाबांना म्हणाला, "पत्थर यहाँ है, तो केबल किधर गया?"

बाबा म्हणाले, "तो दगड मीच हलवला जी."

चिखलणीला ट्रॅक्टर आला होता. दगड होता आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावर, अगदी ट्रॅक्टर वळवायच्या जागी. "सरकारची वस्तू, फोडाची कायले? म्हनून झाडाखाली नीट बसवली."

बाबांनी तो इतका नीट बसवला होता की भाताच्या रोवणीला निघालेल्या बायांनी तो देव म्हणूनच पाहिला. रोवणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे वाटेतल्या देवाला हळदकुंकू लावूनच बांधीत, म्हणजे खाचरात उतरतात. मोहाखाली नवा देव दिसला, त्यालाही लावलं. त्यानंतर राज्याच्या नळयोजनेचा जेसीबी आला. चालकाला झाडाखाली देव दिसला. त्याने हात जोडले, देवाची बाजू सोडली आणि आमच्या धुऱ्याच्या बाजूने खड्डा खणला. केबल तिथेच होती.

म्हणजे निष्काळजीपणा कोणीच केला नव्हता. सगळेच फार जपून वागले होते. केंद्राने दगड लावला होता, राज्याने त्याला नमस्कार केला होता. एकमेकांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

आता केबल जोडायची तर राज्याच्या खड्ड्यात साचलेलं पाणी काढावं लागणार होतं. पाइपच्या कामावरचा सुपरवायझर धावत आला. "आमच्या खड्ड्याला हात लावायचा नाही. वरून लेखी आणा."

केबलवाला म्हणाला, "भाई, मेरा केबल तुम्हारे गड्ढे में है."

"तुमचं केबल आमच्या गड्ढ्यात आलंच कसं?"

दोघं चांगलेच तापले. मी मध्ये हळूच म्हटलं, "सर, शनिवारी माझी ॲडमिशन आहे." कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणायचा विचार करत होते, तेवढ्यात शेजारची काकू बांधीतून चिखलाच्या पायांनी वर आली.

"काऊन बोंबलून राहिले रे देवापुढं? पोरीचं कॉलेज बुडून राहिलं, अन् तुमचं गड्डा माझा, वायर माझी! नारळ आना आधी."

नारळ आला. काकूने सुपरवायझरच्याच हातून फोडून घेतला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा केबलवाल्याला दिला. प्रसाद तोंडात असताना लेखी आदेश मागणं सुपरवायझरला जमेना. "काढा पाणी," तो तोंड पुसत म्हणाला, "पण माझं नाव सांगू नका." बाबांनी आमचा पंप आणून लावला. दिवस मावळायच्या आत केबल जोडली गेली. केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचा समन्वय नागरिकशास्त्राच्या पेपरात मी दोन वेळा लिहिला आहे. पाहिला तो त्या दिवशी. त्यातल्या नारळाचा उल्लेख पुस्तकात नव्हता.

जाण्याआधी केबलवाल्याने दगड जागेवर नेऊ म्हटलं.

"देव उचलाचा नाही," काकू म्हणाली. "तू दुसरा आन."

दुसऱ्या दगडाला वरून मंजुरी लागते म्हणे. शेवटी बाबांनी देवाच्या पोटावर चुन्याने बाण काढला, रस्त्यापलीकडे आमच्या धुऱ्याकडे दाखवणारा.

त्याच संध्याकाळी दादाने फोटो जोडला. शुक्रवारी तहसीलमधून डिजिटल सही झाली. शनिवारी मी दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी दाखला पाहिला, नाव यादीशी जुळवलं आणि म्हणाल्या, "ऑनलाइन है ना? तो इसकी दो झेरॉक्स लाओ." मी धावतच गेले. जागा माझी झाली.

आता मी गोंदियाला वसतिगृहात असते. परवा बाबांचा फोन लागला तेव्हा मी आधी विचारलं, "दगड जाग्यावर आहे ना?"

"हाव. फुलं बी वाहून राहिले लोक." मग म्हणाले, "पन रस्त्यावाले येऊन मोजून राहिले. रस्ता रुंद करतीन म्हनते."

"कोणत्या बाजूनं?"

"देव सोडून."

धाकटी बहीण अजून अकरावीतच आहे. पण मी बाबांना सांगितलं, तिचा दाखला याच आठवड्यात काढून ठेवा.