प्रभाकर सरांच्या लॉगिनमध्ये रक्षा मॅडम

हिंगणीच्या रक्षानं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, ते दुसऱ्याच्या नावानं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं ऐकताना तुम्ही म्हणाल, पोरगी मूर्खच होती. मूर्ख नव्हती हो. वर्ध्याच्या ज्या कॉलेजात ती बीजगणित शिकवायची, तिथली रीतच तशी होती. कॉलेजचं नाव विचारू नका, त्यानं काही फरक पडत नाही.

रक्षा तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जितके तास शिकवले तितक्याचे पैसे, सुट्ट्यांत घरी बसा, आणि दर जूनमध्ये विभागप्रमुखांच्या दारात जाऊन विचारा, "सर, यंदा तास आहेत ना?" तिच्या हाताखाली शिकलेली पोरं बाप झाली, तरी हिचं जूनमधलं विचारणं काही संपलं नव्हतं. विभागप्रमुख होते प्रभाकर सर. कायम नोकरी, सावंगीच्या रस्त्याला बंगला आणि तोंड असं गोड की विचारू नका. सर कधी कोणावर ओरडले नाहीत. ओरडायची गरजच काय, तास वाटायचे त्यांच्याच हातात होते.

आता ती रीत. कायम माणसाला बढतीसाठी प्रशिक्षणं करावी लागतात, आणि हल्ली ती ऑनलाइन असतात. त्यामुळं नाव सरांचं, कॅमेरा बंद, आणि खुर्चीत बसलेला तासिकेवाला, असं सगळ्याच विभागांत चालायचं. लग्नाला आपल्याला जमत नसलं की पुतण्याच्या हाती आहेर पाठवतो, तितकंच ते साधं होतं. कोणाला त्यात लबाडी दिसतच नव्हती. रक्षालाही दिसली नाही, हे कबूल करावंच लागेल.

"बीजगणित कंप्युटरवर कसं शिकवायचं म्हणून कोर्स आहे," सर म्हणाले. "तू बसून घेजो बेटा. मले ते माउस-बिउस जमत नाई, अन् तुले तर आवड आहे."

आवड होतीच, तिथंच तर घोटाळा झाला. कॉलेजात एक स्मार्ट बोर्ड होता. त्याच्यापुढं नारळ फोडून उद्घाटन झालं होतं आणि तेव्हापासून तो सरस्वतीपूजनाच्या हारापुरताच उपयोगी होता. रक्षानं वर्षानुवर्षं खडूनं वर्गसमीकरणं सोडवली होती. कोर्समध्ये शिकवणाऱ्या आचल मॅडमनी पडद्यावर एक आकडा नुसता सरकवला, तर आलेखाचा वक्र मिटला, उघडला, आणि आकडा शून्य होताच सरळ रेघ होऊन पडला. "अगं बाई!" रिकाम्या स्टाफरूममध्ये रक्षा मोठ्यानं ओरडली. माइक बंद होता म्हणून बरं.

शेवटी प्रत्येकानं आपला एक धडा तयार करून पाठवायचा होता. बाकीच्यांनी जुन्या नोट्स चिकटवून दिल्या. ही बया गेली हिंगणीला, बापाच्या वांग्याच्या वाडीत. पुंडलिकरावांच्या हातात पाण्याचा पाइप दिला आणि धारेचा फोटो काढला. फोटोत बापाचा फक्त हात आला होता, अंगठा कडबा कापायच्या यंत्रात चेचलेला, बिननखाचा. तो फोटो तिनं कंप्युटरवर आलेखाखाली ठेवला आणि वक्र सरकवत सरकवत नेमका त्या पाण्याच्या धारेवर बसवला. मग आपल्या वर्गाला म्हणाली, जा, आपापली धार शोधा आणि तिचं समीकरण मला आणून द्या. मागच्या बाकावर झोपणारे पोट्टेसुद्धा गळक्या नळाचे फोटो घेऊन भांडायला लागले की माझीच धार बरोबर. वाऱ्यानं धार तुटली की समीकरण काऊन बसत नाही, यावर अख्खा तास गेला. बीजगणितावर पोरं भांडतात, हे त्या कॉलेजानं तेव्हाच पाहिलं.

"प्रभाकर सर, या बॅचमधला सगळ्यात सुंदर धडा तुमचा," आचल मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. रक्षानं सरांच्या नावानं टाइप केलं, 'धन्यवाद मॅडम.' तिचे डोळे भरून आले होते. नावात काय आहे, कौतुक तर आपलंच झालं, असं तिला खरोखर वाटलं. सर्टिफिकेट आलं तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये समोसे वाटले. रक्षाला एक जास्तीचा दिला.

पुढं कॉलेजला एक कायम जागा मंजूर झाली. वय निघून जायच्या आत आलेली ही शेवटचीच जागा, हे रक्षाला माहीत होतं आणि घरच्यांनाही. मुलाखतीत वर्ग घेऊन दाखवायचा होता. तिनं आपला धारेचा धडाच काढला, दुसरा काय काढणार? आत गेली तर तज्ज्ञ म्हणून आचल मॅडम बसलेल्या. तिला उलट हायसं वाटलं. धडा तिला इतका आपला वाटत होता की तो कोणाच्या नावावर आहे, हे ती साफ विसरून गेली होती.

फोटो पडद्यावर आला तशा आचल मॅडम पुढं सरकल्या. "हा धडा तुमचा आहे?"

"हो मॅडम."

"हा तर प्रभाकर सरांचा. मी स्वतः तपासलाय. हाच पाइप, हाच हात."

रक्षानं सरांकडे पाहिलं. सर समितीतच होते, चहात बिस्किट बुडवत. त्यांचं एक वाक्य पुरलं असतं. वाक्य आलं नाही, तेव्हा घाबरून तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "मॅडम, तो फोटो आमच्या घरचा आहे. हिंगणीले आमची वाडी आहे, तिथंच काढला."

"बरोबर आहे," सर हसून म्हणाले. "आम्ही सगळा स्टाफ हुरड्याला गेलतो यांच्याकडे. तिथंच मला ही कल्पना सुचली. पोरगी गुणी आहे मॅडम, माझंच पाहून शिकली. मनावर घेऊ नका."

हुरड्याला गेले होते, ते खरंच. येताना पिशवीभर वांगीही आणली होती मेल्यांनी! आता रक्षानं खरं सांगायचं, तर आपण दुसऱ्याच्या नावानं बसलो होतो हे सांगावं लागणार. आणि तसल्या बाईला नोकरी कोण देतो? ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात आचल मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्याचं काम वापरावं, पण त्याचं नाव घ्यावं. पोरांना आपण हेच शिकवतो ना?"

"सॉरी मॅडम," रक्षा म्हणाली. स्वतःच्याच धड्यासाठी! जळो ते सॉरी.

जागा भंडाऱ्याच्या एका पोराला मिळाली. घरी पुंडलिकराव अंगणातच वाट पाहत होते. "काऊन वं, दाखवला का माहा हात?"

"दाखवला."

"मंग? का म्हणे ते मॅडम?"

"पाहताबरोबर ओळखला," रक्षा म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. म्हातारा इतका खूश झाला की जागेचं विचारायचंही विसरला.

उन्हाळ्यात त्याच कोर्सचा पुढचा भाग निघाला, आणि यावेळी कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती. सरांनी त्यावरही तोड काढली. "तू बाजूले बसजो. तू सांगत जाय, मी बोलत जातो." रक्षा गेली. जून तोंडावर आला होता आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. सरांच्या बंगल्यात कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं ती स्टुलावर बसली आणि उत्तरं कुजबुजत राहिली. सर ती छान बोलत होते, मधेमधे मान डोलवून.

एक दिवस आचल मॅडमनी नव्या बॅचला नमुना म्हणून तोच धडा लावला. "सर, कधीचं विचारायचं होतं. हा हात कोणाचा? अंगठ्याला काय झालंय त्यांच्या?"

सरांनी तिरप्या नजरेनं स्टुलाकडे पाहिलं. रक्षानं ओठ मिटून घेतले. वाट पाहून सर आपल्या मनानंच बोलले, "असाच एक गडी होता वाडीवरचा. नाव काही आता आठवत नाही."

रक्षा उठली. बाजूचं दार उघडं असताना मुद्दाम समोरून निघाली, सर आणि कॅमेरा यांच्या मधून. पाहू दे सगळ्यांना, या खोलीत आणखी कोण आहे ते. पडद्यावर मात्र तिची नुसती साडीच सरकली, चेहरा चौकटीच्या वरच राहिला. दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून सरांचा गोड आवाज आला, "काही नाही मॅडम, आमची कामवाली आहे. बोला तुम्ही."

सर्टिफिकेट सरांना मिळालं. जूनमध्ये रक्षाला तास मिळाले नाहीत. हिंगणीच्या बसथांब्यावर पुंडलिकराव मात्र अजूनही भेटेल त्याला आपला चेचका अंगठा दाखवतात, "हा हात कॉलेजात आहे बाप्पा. पोट्टे याच्यावरून गणित शिकून राह्यले. विचारा आमच्या रक्षाले."

"हाव बाबा," रक्षा म्हणते. यात खोटं काहीच नाही.