सोपा सवाल

माझी ती क्लिप तुम्ही बघितली असेल तर असेल. नसेल बघितली तर कृपा करून शोधू नका. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या ज्याच्या हातात फोन आहे त्यानं ती बघून घेतली, तेवढं पुरे झालं.

मी सरपंच आहे. झरीच्या पुढं आत वळलं की आमचं गाव. जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा आमच्या घरच्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, मला उभं केलं. उभं केलं म्हणजे काय, फॉर्म त्यांनी भरला, हात जोडलेला माझा फोटो काढून घेतला आणि बॅनरवर माझ्याशेजारी स्वतःचा दुप्पट मोठा छापला. निवडून मी आले, हार त्यांच्या गळ्यात पडले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. गावात त्यांना सरपंच म्हणतात आणि मला वहिनी. ग्रामसभेला मी खुर्चीवर बसते, ते दारापाशी. कुणी काही विचारलं की मी दाराकडं बघते. त्यांनी मान हलवली की हो, नाही हलवली की बघू. ग्रामसेवक कागद घेऊन घरी येतो, हे वाचतात, मी पिठाचे हात पुसून सही करते. दहावी पास आहे मी, वाचता सगळं येतं. पण हातात कागद येईपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असतं.

आमची लेक परभणीत कॉलेजला आहे. तिच्या ओळखीची काही पोरं मिळून फोनवर एक कार्यक्रम करतात. टीव्हीवर रात्री उशिरा लागतात ना, तसला. एक पोरगा कोट घालून टेबलामागं बसतो, आधी पुढाऱ्यांची टर उडवतो, मग कुणातरी नावाजलेल्या माणसाला सोफ्यावर बसवून त्याच्याशी थट्टामस्करी करतो. जेवणं उरकली की आमच्या गावातसुद्धा पारावर चार-पाच जण एका फोनात डोकं घालून तेच बघत बसतात. आमचे घरचे तर लय हौशी. पुढाऱ्यांची फजिती झाली की मांडीवर थाप मारून हसायचे.

लेकीनंच त्या पोरांना सांगितलं, माझी आई सरपंच आहे, तिला बोलवा. त्यांना एक मालिकेतला नट मिळाला होता, जोडीला सरपंच बाई चालणार होती. लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज असा काही होता की मला नाही म्हणवेना. तिच्या मैत्रिणी येणार होत्या. म्हणाली, आई, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मग काय, आठवडाभर घरात परीक्षाच लागली. ह्यांनी सवाल काढायचे आणि मी जवाब द्यायचे. नळयोजनेचं काय झालं, रस्ता कुठवर आला, शाळेच्या भिंतीचं काय. मी भाकरी थापता थापता पाठ करायची. नाव घ्यायला लावतील म्हणून एक उखाणासुद्धा बसवला. चुकलं की हे चिडायचे, मग मीही चिडायची, म्हणायची, तुमीच जाऊन बसा मग सोफ्यावर. त्यांची ती तयारी होतीच म्हणा. परभणीला कार्यक्रमाच्या हॉलवर गेल्यावर त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण पोरांनी त्यांना गोडीत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मागच्या रांगांत सगळी कॉलेजची पोरंपोरी. लेक तिच्या मैत्रिणींत बसलेली. मला बघून तिनं हात केला.

आधी त्या कोटवाल्यानं पुढाऱ्यांना धरलं. एकाच रस्त्याचं उद्घाटन तीन पक्षांतून केलेल्या एका साहेबांची नक्कल केली. नारळ फोडून फोडून साहेबांचा हात दुखावला, खड्ड्याला मात्र काही झालं नाही, म्हणाला. मी बाजूला उभी राहून हसत होते. मग म्हणाला, आमच्या भागात लोक मत बाईला देतात आणि अर्ज बुवाला. हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यानं आमचे घरचे हसले. शेजारच्याकडं वळून हसले, जणू काही ती गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या गावची.

नटाची पाळी आधी झाली. त्याला ठेचा खायला लावला, त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं. तोही मोकळा माणूस, स्वतःवरच हसत होता. मला धीर आला. पदराला माईक लावून घेतला आणि सोफ्यावर जाऊन बसले. मनात सगळं ओळीनं तयार होतं, पाणी, रस्ता, भिंत.

त्या पोरानं मला नमस्कार केला, बसायला नीट जमलं का विचारलं आणि म्हणाला, "ताई, कामाचं नंतर बोलू. आधी एक सोपं सांगा. तुमाला भाजी कोणती आवडते?"

आता ह्याला काय जवाब लागतो? कुठलीही भाजी सांगायची. पण मी तोंड उघडण्याआधी माझी मान वळली. मी वळवली नाही, ती वळली. सवयीनं दाराकडं वळते तशी. आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन थांबली.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. आणि आमच्या घरच्यांनी काय करावं? त्यांना वाटलं बायको अडली, तर बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात सांगितलं, "वांग्याची. भरलेली."

मग जो हशा झाला तो काही थांबेना. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्या कोटवाल्यानं चेहरा अगदी साधा ठेवला, माईक घेऊन खाली उतरला, ह्यांच्यासमोर वाकून उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, ताईंना तहान लागलीय का, तेवढं सांगता?"

ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "द्या त्यान्ला पाणी."

खरंखुरं म्हणाले. काळजीनं म्हणाले. मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि मी तो प्यायलेसुद्धा. का प्यायले? अजून मला कळत नाही. ग्लास तोंडाला लावला तशी पोरं आणखीनच हसली. पुढं नळयोजनेचं विचारलं, मी सगळं घडाघडा बोलले, एक अक्षर चुकलं नाही. पण कोण ऐकतंय? मी मान ताठ धरून बसले होते. लेकीकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

गाडीत हे खूश होते. म्हणाले, लोक लय हसले, कार्यक्रम रंगला. झरीच्या फाट्यावर चहाला थांबू म्हणाले, मी नको म्हणलं.

ती क्लिप आली तशी गावभर झाली. गिरणीवर दळण घेऊन गेले तर एकीनं विचारलं, वहिनी, तहान लागलीय का, का विचारून सांगता? बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्यांच्या डोक्यात उजेड पडला तो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. पारावर कुणीतरी त्यांना भरली वांगी म्हणलं. मग मात्र लय भडकले. त्या पोरांना बघून घेतो म्हणाले, कुणाकुणाला फोन लावले. मी आडवी आले, म्हणलं, आता त्या पोरांना हात लावाल तर त्याचीपण क्लिप होईल. तेव्हा कुठं गप्प झाले.

माझा खरा राग लेकीवर होता. तिनंच मला तिथं नेलं, तिच्याच दोस्तांनी माझी इज्जत घालवली आणि ती मैत्रिणींत बसून राहिली. फोनवर मी तिच्याशी हो-नाही पुरतंच बोलत होते. रविवारी ती घरी आली. हे बाहेर गेले होते. मी चुलीपाशी होते, ती येऊन शेजारी बसली आणि मी सुटलेच. म्हणलं, आईचा तमाशा करायला नेलं होतंस का? असला सवाल कुणी विचारतं का? रस्त्याचं विचारायचं, पाण्याचं विचारायचं, भाजी काय विचारायली ती पोरं? आणि तू गुमान बसलीस? आईची काही लाज हाय का न्हाई तुला?

ती ऐकत राहिली. सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाली, "तो सवाल मीच दिला होता, आई."

तव्यावरची भाकरी उलटायची राहूनच गेली.

"पाण्याचं, रस्त्याचं पप्पांनी तुझ्याकडून पाठ करून घेतलं असणार, मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून म्हणलं, एक तरी सवाल असा विचारा की त्याचा जवाब पप्पांना येत न्हाई. फक्त आईलाच येतोय. मला वाटलं, तू पटकन सांगशील, मग सगळे टाळ्या वाजवतील."

तव्यावरची भाकरी करपली, तिनंच ती उतरवली. हॉलमध्ये, गिरणीवर, गाडीत, सगळीकडं मिळून वाटली नव्हती एवढी लाज मला त्या चुलीपाशी वाटली. राग कुठं गेला कळलं नाही. पोरीला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण तेही जमलं नाही.

मग तुला भाजी आवडते तरी कोणती, असं काही तिनं मला विचारलं नाही. विचारायला भीत असावी. मी आपली मनातल्या मनात सांगायला निघाले. वांगं ह्यांचं. दोडका सासूबाईंचा. भेंडी तिची, लहानपणापासून. मेथी, शेपू, गवार, एकेक भाजी मी काढून बघितली, ती कुणासाठी करते ते लगेच आठवायचं. माझी म्हणून एकही सापडली नाही.