मावशीचं अर्धं बेट

निकोलासा मावशीसारखी लव्हाळं कापणारी बाई अख्ख्या तितिकाका सरोवरात नव्हती. पुरुष दोन भारे बांधून विडी पेटवायचे, तोवर हिची होडी भरलेली असायची. वर तोंड फटकळ. एकदा माझ्या बाबांची होडी रिकामीच परत आली, तर म्हणाली, "भाऊजी, बदकं मोजायला गेला होता का?" बाबा पुढचे आठ दिवस तिच्यासमोर जेवायला बसले नाहीत.

लव्हाळी रचून केलेल्या आमच्या तरंगत्या बेटावर दोनच घरं होती, आमचं आणि तिचं. तिचा नवरा खाणीवर गेला आणि तिकडचाच झाला. राहिली ती आणि तिची योला, अडीच वर्षांची. लव्हाळ्याचं बेट खालून कुजत असतं, वरून आपण भर घालायची. पंधरा दिवस आळस केला की चुलीपाशी पाणी येतं. मावशीनं कधी येऊ दिलं नाही.

चालायला लागलेल्या पोराच्या पायाला आम्ही दोर बांधतो. दुसरं टोक घराच्या खांबाला. बोटीतून बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ते दिसलं की तोंडाला हात लावतात. त्यांच्या अंगणाखाली पाणी नसतं.

त्या दिवशी मावशी मासे घेऊन काठावरच्या बाजाराला गेली होती. योला माझ्या आईच्या हवाली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची. योलाचा घोटा दोरानं सोलवटला होता आणि ती सारखी रडत होती. मी हातातली खेळातली होडी खाली ठेवली आणि गाठ सोडली. दुसऱ्या पायाला बांधणार होते, खरंच बांधणार होते. तेवढ्यात आईनं चुलीकडून हाक मारली, "सबिना, जळण आण गं." मी गेले. परत आले तेव्हा दोर पडलेला होता, योला नव्हती.

बाबांना ती तिसऱ्या दिवशी सापडली, आमच्याच बेटाखाली.

आईनं मला घरात नेऊन सांगितलं, "तू काही केलं नाहीस. यापुढे हेच." मग बाहेर येऊन मावशीसमोर उभी राहिली. "ताई, दोर मी सोडला. पोरीचा पाय सोलला होता." योलाला काठावरच्या माळावर पुरलं. आठव्या दिवशी रीतीप्रमाणे योलाचे कपडे धुऊन झाले, तशी मावशी शेजारच्या बेटावरून करवत घेऊन आली.

भांडण मिटलं नाही की आमच्याकडे बेट कापतात. करवत पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना मुठी. ज्यांचं फाटलं त्यांनीच एकेक मूठ धरायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकीनं ओढलं की दुसरीनं सैल सोडायचं, नाहीतर पातं अडकतं. सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत दोघी सख्ख्या बहिणी तशा ओढत होत्या. आईचे डोळे वाहत होते, हात चुकत होते.

"नीट ओढ," मावशी म्हणाली. "तुझ्याकडे अडतंय."

त्या आठ दिवसांत ती आईशी एवढंच बोलली. मग तिनं आपल्या बाजूचे खांब उपटले आणि तिचं अर्धं बेट बांबूनं रेटत रेटत लांब नेलं. मी दाराआडून बघत होते. बाहेर येऊन ओरडायला हवं होतं. ओरडले नाही.

एकट्या बाईला बेट राखणं झेपत नाही. कापा, वाळवा, पसरा, आणि मध्ये मासेही धरा. दरवर्षी मावशी कुजलेली कड सोडून द्यायची आणि बेट आकसायचं. आई दर पंधरवड्याला लव्हाळ्याचे भारे तिच्या कडेला टाकून यायची. मावशी ते पायानं पाण्यात लोटायची. एकदा मी आईबरोबर होते, तेव्हा मला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, माझ्याकडे गुरं नाहीत." आई ऐकत होती. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा भारे घेऊन गेली. असं बावीस वर्षं.

गेल्या वर्षी आई छातीच्या दुखण्यानं गेली. मावशी माळावर आली, लांब उभी राहिली आणि माती पडल्यावर निघून गेली. त्यानंतर भारे न्यायचं माझ्याकडे आलं. परवा नेले तेव्हा तिचं बेट म्हणजे एक घर आणि एक चूल एवढंच उरलं होतं, आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत पाणी. या पावसाळ्यात ते टिकत नाही, हे दोघींनाही दिसत होतं. ती चुलीशी बसून लव्हाळ्याचा पांढरा गाभा सोलून खात होती.

मी म्हटलं, "मावशी, दोर आईनं नव्हता सोडला. मी सोडला."

"ठाऊक आहे."

माझ्या हातातला भारा तसाच राहिला.

"दोराशेजारी तुझी खेळातली होडी पडली होती," ती म्हणाली. "तुझी आई कुठे होडीशी खेळत बसणार?"

"मग आईशी का तोडलंस?"

"नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात करवत देऊ? आणि तिथेच राहिले असते तर रोज उठून तुझं तोंड बघायचं. एखाद्या दिवशी मीच तुला पाण्यात ढकललं असतं. तुझ्या आईला ते कळत होतं. म्हणून तर तिनं मूठ धरली."

"मग भारे तरी घ्यायचेस तिचे."

"घेतले असते तर ती येऊन बसली असती. बसली असती तर तुझा विषय निघाला असता." तिनं साल पाण्यात टाकली. "आण ते. चुलीपाशी पसर आधी."

मी पसरलं. पहिला भारा पाण्यानं गिळला, दुसरा जरा वर राहिला. मी होडीत बसले तेव्हा तिनं विचारलं, "तुझी पोर चालायला लागली म्हणे. बांधतेस?"

"बांधते. सैलसर. घोटा लाल होतो तिचा."

"घट्ट बांध," मावशी म्हणाली. "सोलला तर सोलू दे."

घरी येऊन मी पोरीची गाठ बघितली. दोन बोटं आत जात होती. मी ती आवळली. पोर रडायला लागली.