अर्धा धागा

टपरीवर एक किस्सा सांगितला की दुसरा आपोआप निघतो. आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तर बग कमी आणि किस्सेच जास्त! आम्ही मराठी पुस्तकं वाचायचं ॲप बनवतो. मालक अण्णा. आधी चादरींचे डिझायनर, कारखाना बंद पडल्यावर सॉफ्टवेअरमध्ये आले. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "का सोडलंस?"

"प्रश्न विचारला की सर म्हणायचे, सिलॅबसमध्ये नाही."

"मला लई प्रश्न विचारलास तर मीबी चिडंन," म्हणाले आणि नोकरी दिली. निदान खोटं बोलले नाहीत!

*

भांडण एकच. स्क्रीन म्हणजे बारीक चौकोनांचा कागद. अण्णा म्हणतात, प्रत्येक अक्षर ओढून चौकोनात बसव, कडा धारदार येतात. मी म्हणतो, अक्षराची जागा दोन चौकोनांच्या मधे असेल तर तिथंच राहू दे. कडा जरा करड्या होतील, पण अंतरं खरी राहतील. ओढाताणीत 'कमळ'मधला क लांब पडतो आणि म-ळ एकमेकांच्या अंगावर!

"चादरीचा माग अर्धा धागा विणतो का रं?"

"हा माग न्हाय, अण्णा."

"मग चौकोन कशाला हायत?"

*

धागे मोजायचं भिंग अजून त्यांच्या खिशात असतं. एकदा ते थेट माझ्या स्क्रीनवर टेकवलं. "हितं करडं दिसतंय."

"भिंग लावून पुस्तक कोण वाचतं?"

"चादर घेणाराबी भिंग लावत न्हाय. मी लावायचो."

मी स्क्रीनवरचा भिंगाचा डाग पुसत बसलो.

*

जुन्या, स्वस्त फोनवर माझी अक्षरं दहा धुण्यांनंतरच्या कापडासारखी दिसली. तिथं अण्णा बरोबर. त्या फोनांसाठी मी गुपचूप त्यांचीच पद्धत ठेवली. सांगितलं मात्र नाही. म्हातारी माणसं एकदा बरोबर ठरली की वर्षभर ऐकवतात!

*

मोहोळचे एक रिटायर हेडमास्तर गावच्या वाचनालयासाठी ॲप घेणार होते. त्यांच्यापुढं दोन चांगले फोन ठेवले, एकावर अण्णांची पद्धत, दुसऱ्यावर माझी. त्यांनी आधी अण्णांचं तोंड बघितलं, मग फोन. "दोन्ही उत्तम!" जन्मभर पोरांना उत्तरं विचारली, स्वतःला एक देता येईना!

अण्णा म्हणाले, "सोमवारी मीच मोठ्यानं वाचून बघतो. न्हाय पटलं तर तुझं काढून टाकायचं."

सहा महिन्यांचं काम. आणि गावी, मोडनिंबला, पप्पा टपूनच होते, 'ये परत, बस दुकानात' म्हणायला.

*

सोमवारी हेडमास्तरही आले. अण्णांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. आधी आपल्या पद्धतीचा फोन घेतला. दोन ओळींत तीनदा अडखळले. "चष्मा बदलाया पायजे."

मग माझा फोन. गोष्ट तीच, चष्माही तोच. पहिलं पान मोठ्यानं वाचलं. दुसरं पुटपुटत. तिसऱ्याला आवाजच बंद. चहावर साय धरली. हेडमास्तर माझ्याकडं बघतायत, मी भिंगाकडं.

शेवटी राहवेना. "अण्णा, अक्षरं कशी वाटली?"

मान वर न करता ते म्हणाले, "कसली अक्षरं? गप की जरा, पान संपू दे!"