गॅसचा त्रास

आमच्या रत्नाला कधीही विचारा, बाई, काय होतंय? उत्तर ठरलेलं. "माले गॅसना त्रास शे." आणि आम्ही शहाणी माणसं तिला वर्षानुवर्षं ओवा नि काळं मीठ चारत बसलो.

रत्ना माझी नणंद. माहेर इथलं, दोंडाईच्याचं. दिली सुरतेच्या पलीकडे. नवरा नवल गॅसच्या विहिरीवर वॉचमन. पाण्याची विहीर नव्हे हो, जमिनीतून गॅस काढतात ती. यांच्या घरामागेच उंच पाइप, त्याच्या तोंडाशी रात्रंदिवस जाळ. मी एकदा राहून आले. कुजक्या अंड्यांसारखा वास, वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळी. दोन दिवसांत माझं डोकं उठलं. ही तिथं संसार करते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की हिचा झोका सगळ्यांत उंच आणि गाणं सगळ्यांत मोठं, असं होतं एकेकाळी. यंदा गाडीतून उतरली आणि स्टेशनच्या पुलावर मधेच बसली. ओठ निळसर. मी चिडलेच. म्हटलं, पुरे झाला तुझा ओवा! आणि तिला धरून धुळ्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? ही म्हणते, गॅसचा त्रास. झालं, ते ॲसिडिटीच्या गोळ्या लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "जेवल्यावर होतो का?"

"नही. वारा घरकडे वळना का व्हस."

त्यांनी मान वर केली. "वारा? कोणता गॅस म्हणताय तुम्ही?"

"तो जळस ना घरमांगे, रातदिन. तो."

अय माय! बाई इतकी वर्षं सरळ सांगत होती आणि आम्ही सगळे तिचं पोट बघत होतो. मग छातीचा फोटो, नळीत फुंकणं, सगळं झालं. तोंडात मारायचा पंप दिला. डॉक्टर म्हणाले, "हा असू द्या जवळ, पण तिथली हवा सोडली तरच काही खरं."

आमच्याकडे तिला उतार पडला. रात्रभर भिंतीला टेकून बसायची, ती आता आडवी होऊन झोपायला लागली. आखाजीच्या दिवशी झोक्यावर बसली, एक अख्खी ओळ एका दमात म्हणाली. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू! त्याच संध्याकाळी म्हणाली, "वहिनी, आते मी जात नही." मी म्हटलं, नको जाऊस. भाकरीला काय कमी आहे इथं?

चार दिवसांनी नवलभाऊ न्यायला आले. जावई माणूस, खापरावरची पुरणपोळी केली, आमरस केला. पण ताट वाढता वाढता मी तोंडावर सांगून टाकलं: आमची रत्ना येणार नाही, तिला तिथं श्वास पुरत नाही. माणूस वाईट नाही तो. चिडला नाही. खाली बघत म्हणाला, "मंग मी बी नोकरी सोडी कठे जाऊ, वहिनी?"

दुसरा घास घेतला आणि त्यांना खोकला लागला. थांबेचना. डोळ्यांत पाणी, हात छातीवर. मी तांब्या पुढे केला. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"काही नही, वहिनी. जराखा गॅस व्हयना."

रत्ना त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली, आपला पंप आणून त्यांच्या हातात ठेवला, आणि पुन्हा आत जाऊन पिशवीत लुगडी भरायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "वेडी झालीस का गं? मरायला चाललीस?"

"त्यासले तठे पानी देवाले बी कोनी नही," ती म्हणाली, आणि पिशवीची गाठ मारली.

संध्याकाळी स्टेशनवर पोचवायला गेले. पुलाच्या पायऱ्यांवर रत्ना थांबली की नवलभाऊही थांबायचे. मला बरं वाटलं, बायकोसाठी थांबतोय माणूस. वर पोचलो, तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला. दम त्यांनाच जास्त लागला होता.