मामांची बॅटरीची गाडी
गाडीत लावायच्या मोगऱ्याच्या सेंटचा वास आला की मला अजून मळमळतं. आमच्या मामांनी दोन हजार सालानंतर केव्हातरी कोल्हापुरात बॅटरीवर चालणारी इवलीशी गाडी घेतली होती आणि तिच्यात हाच वास कोंडलेला असायचा. एका पावसाळ्यात मामा, मामी आणि मी गगनबावड्याला निघालो, पण दिवे आणि वायपर लावून चढ चढताना वाटेतल्या एका गावातच चार्जिंग संपलं. रस्त्याकडेच्या घरातल्या माणसानं खिडकीतून वायर ओढून दिली. गाडी चार्ज व्हायला सकाळ होणार होती. "पावणं, गाडीत आखडून कशाला झोपताय? घरात या की, जागा हाय," तो म्हणाला. मामा दारातून डोकावले, भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली आणि ते तसेच मागं फिरले. "बौद्धांचं घर आहे. आपल्याला गाडीच बरी," असं पुटपुटत त्यांनी सीट मागं पाडली, काचांना टॉवेल लावले, स्वेटरची उशी केली. त्या घरातल्या बाईंनी आणून दिलेला चहा त्यांनी, बाई वळल्यावर, चिखलात ओतला. मला शिसारी आली. कंबरदुखीनं वाकलेली मामी एवढंच म्हणाली, "त्यांचा करंट तेवढा चालतोय व्हय तुमास्नी?" आणि माझा हात धरून त्या घरात गेली. आम्ही तिथं पिठलं-भाकरी जेवलो आणि घोंगड्यावर पाय पसरून झोपलो. सकाळी उठलो, तर मामा चार्ज झालेल्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. आता ते थकलेत. दर दिवाळीला त्यांच्या पाया पडायला वाकतो, तेव्हा ती किळस तशीच घशाशी येते.