नातीच्या प्रोजेक्टातली माझी जागा

आता तुम्ही म्हणाल, फुलं विकणाऱ्या बाईला माहिती प्रणालीचं काय घेणंदेणं? मीही तसंच म्हणत होते. शाळा माझी लहानपणीच सुटली. पुढचं वाचन मी फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दीवर शिकले. अर्धी बातमी या पुडीत, अर्धी त्या पुडीत, मधलं आपलं आपण जुळवायचं. त्यामुळे छापलेलं काही कुणी मोठ्यानं वाचायला लागलं की माझे कान तिकडं जातात.

नात अमरावतीला बीबीए करते, म्हणजे धंद्याचं शिक्षण. सुट्टीत घरी आली तेव्हा ओसरीवर बसून ती पुस्तक वाचत होती आणि मी शेवंती निवडत होते. त्यात लिहिलं होतं, नुसता आकडा म्हणजे माहिती नाही. ‘वीस’ म्हटलं तर काय कळतं? वीस काय, कुणाला, कधी, हे जुळलं की त्याची माहिती होते. ती गोळा करायची, जपायची, ज्याला पाहिजे त्याच्यापर्यंत वेळेत पोचवायची, या सगळ्या व्यवस्थेला माहिती प्रणाली म्हणायचं. त्यात कॉम्प्युटर असलाच पाहिजे असंही नाही. माणसं, कामाची रीत आणि साधनं मिळून ती होते.

मी म्हटलं, "पोरी, हे तं आपल्या घरी हाये."

"काय हाये?"

"चिंध्या."

ती हसली. मग मी तिला समजावून सांगितलं. आमचा मळा अकोटच्या बाजूला. फुलांची गाठोडी सकाळच्या एसटीनं अकोल्याला आणि अमरावतीला जातात. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा गाठोड्यांची रोज अदलाबदल व्हायची. अमरावतीचा मोगरा अकोल्यात उतरायचा आणि भांडणं आमच्या दारात यायची. मग मी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडल्या. जांभळी म्हणजे अमरावतीला देवळापाशी बसते ती बाई, पोपटी म्हणजे अकोल्याचा हारवाला. गाठ सैल असली तर समजायचं की आजच्या मालात कालचा थोडा मिसळला आहे, भाव तसा लाव. संध्याकाळच्या गाडीनं रिकामं फडकं परत यायचं. चिंधी बांधलेली असली तर उद्या तेवढाच माल, सोडून आत टाकलेली असली तर उद्या नको. कंडक्टर बदलले, हारवाला जाऊन त्याचा पोरगा बसला, चिंधी तीच. माझी लुगडी अशी दोन जिल्हे फिरली.

नात उठून उभीच राहिली. "आजी, अवं हे फीडबॅक हाये! आमचे सर हेच शिकवतात!"

त्यांच्या सरांनी सगळ्यांना एकेका छोट्या धंद्याची माहिती प्रणाली अभ्यासायला सांगितली होती. हिनं आमचाच धंदा घेतला. मग काय, सुट्टीभर माझ्या मागे मागे. "सांग ना व आजी, पाऊस आला तं काय करतं? दोघांनी एकच माल मांगला तं कोनाले देतं?" मी भाकरी थापत सांगायची, तिच्या केसांना तेल लावत सांगायची. माझ्या नवऱ्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. लेकानंही नाही. घरात माझ्या हातानं काम चालतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कसं चालतं हे या पोरीनंच पहिल्यांदा विचारलं. मला वाटलं, आता माझी जागा पक्की झाली. कुणी आपल्याला विचारतं म्हणजे आपण त्याला पाहिजे असतो, असं मी समजून बसले.

लेकानं आणि तिनं मिळून मोबाईलवर एक ॲप बसवलं. गिऱ्हाईक तिथं ऑर्डर टाकतं, सूनबाई पाहते, मळ्यातला गडी स्टिकर चिकटवून गाठोडं बांधतो. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी सरांनी धंद्यातलं कुणीतरी घेऊन यायला सांगितलं होतं. लेकाला वेळ नव्हता. मी चांगलं लुगडं नेसून एसटीत बसले.

वर्ग भरलेला. भिंतीवर मोठं चित्र पडलं. मधे एक चौकट, चौकटीत माझा लेक, सूनबाई, गडी. त्यांच्यामधून बाण गेलेले. नात इंग्रजी-मराठी मिसळून झरझर बोलत होती. मान कशी वर करते, हात कसा हलवते, बघून माझं ऊर भरून आलं. शेवटी सर म्हणाले, "आजी, तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी म्हटलं, "हो. याच्यात मी कुठी हाओ?"

पोरं हसली. नातीनं चौकटीच्या बाहेर बोट ठेवलं. तिथं एसटी होती, गिऱ्हाइकं होती आणि एका कोपऱ्यात ‘जुन्या पद्धतीची माहिती’ असं लिहिलं होतं.

"तू इथी, आजी."

"बाहेर?"

सर चांगले होते, त्यांनी सांभाळून घेतलं. "आजी, जो प्रणाली चालवतो तो आत. जो नुसती माहिती पुरवतो तो बाहेर दाखवायचा असतो. तसा नियमच आहे. तिचं चित्र अगदी बरोबर आहे."

"बरोबर असंन बाप्पा," मी म्हटलं, "गडी आत हाये म्हणून विचारलं."

पुन्हा हसले सगळे. नात हसली नाही, पण खालीही पाहिलं नाही तिनं. तिला सगळ्यात जास्त मार्क पडले. परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोठून येऊन रायल्या?" मी म्हटलं, "नातीच्या कॉलेजातून." पुढं काही बोलावंसं वाटलं नाही, आणि मी गप्प बसणारी बाई नाही.

त्यानंतरचं खरं सांगते. सुरुवातीला ओल्या फडक्यावरून स्टिकर निघून पडायचे. मोगरा पुन्हा भलत्या गावी उतरला. मी मनातून खूश झाले. वाटलं, आता येतील माझ्याकडं. ते आले नाहीत. लेकानं प्लास्टिकचे बिल्ले आणले आणि सगळं सुरळीत झालं. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरं चालतं. माल वाया जात नाही, भांडण होत नाही. तक्रार करायलासुद्धा मला जागा ठेवली नाही.

देवळापाशी बसते ती बाई आधी कंडक्टरच्या हाती निरोप धाडायची, सुनेचं बाळंतपण, गुडघ्याचं दुखणं. आता ऑर्डर टाकते. त्यात दुखणं लिहायला रकाना नाही.

मागच्या महिन्यात मी लेकाला म्हटलं, "मलेही त्याच्यात घे. मले वाचता येते."

"माय, आता आराम कर ना. काहून डोक्याले ताप?"

"ताप तुले होते का मले?"

"एक बटन चुकीचं दाबलं तं सारा माल अडकंन," असं म्हणून तो जेवायला बसला. मी वाढलं.

मग मी नातीला फोन केला. म्हटलं, "तूच बनवलं ना ते? मंग माहं एक खातं काढून दे. नुसतं पाहीन, दाबणार काही नाई."

मागे तिच्या मैत्रिणींचा गलका ऐकू येत होता.

"बाबाले विचारून सांगतो, आजी," ती म्हणाली.

तिनं विचारलं की नाही, हे मी काही तिला विचारलं नाही.